‘पहिला कोण?’ या प्रश्नाची कुळकथा

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत अथर्वशीर्ष पठण असते, पाककृती स्पर्धा असते, मुलांची चित्रकला आणि मोठ्यांची एकांकिका असते, आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत कुठेतरी ‘सामान्यज्ञान प्रश्नमंजुषा’ असते. आपल्या बडोद्याच्या मराठी मंडळांत तरी तिला गर्दी कमी आणि वाद जास्त. पाककृतीत कुणाच्या वड्या बसल्या नाहीत तर परीक्षक गोड बोलून वेळ मारून नेतात. प्रश्नमंजुषेत मात्र निवेदकाने ‘उत्तर चूक’ म्हटले की तिसऱ्या रांगेतले एखादे आजोबा उभे राहिलेच म्हणून समजावे. हे उभे राहणे बहुतेक वेळा एकाच जातीच्या प्रश्नावर असते. पहिले छापील मराठी पुस्तक कोणते? पहिले मराठी नाटक कोणते? पहिला भारतीय चित्रपट कोणी काढला? आणि मांडवात गणपतीच्या साक्षीने विचारायचा सर्वांत नाजूक प्रश्न : सार्वजनिक गणेशोत्सव पहिल्यांदा कोणी सुरू केला?

कार्डावर एक नाव लिहिलेले असते आणि आजोबांच्या मनात दुसरे. नियम असा की निवेदकाचा निर्णय अंतिम. आजोबा खाली बसतात, गुण दुसऱ्या संघाला जातात, आणि चूक कोण हे तसेच राहते. यंदा प्रश्न काढण्याचे काम आम्हा काही जणांकडे आले, तेव्हा आम्ही ठरवले की या ‘पहिल्या’च्या मागे जरा जाऊन पाहावे. पण त्याआधी थोडेसे या खेळाविषयी.

कोडी, उखाणे, भेंड्या हे आपल्याकडे फार जुने. पण संघ पाडायचे, कार्डावरून प्रश्न वाचायचे, घड्याळ लावायचे, गुणांची बेरीज फळ्यावर मांडायची, ही पद्धत आपली नव्हे. ती अमेरिकेच्या रेडिओवरून आणि इंग्लंडच्या पबमधून आली. दारूबंदी असलेल्या गुजरातेत बसून पबमधल्या स्पर्धेची थोरवी सांगावी हे जरा गमतीचे, पण इतिहासाला परवाना लागत नाही. लिव्हरपूलजवळच्या मर्सीसाइड भागात १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अशा स्पर्धांच्या लीग चालत. १९७६ मध्ये दक्षिण इंग्लंडात शेरन बर्न्स आणि टॉम पोर्टर या दोघांनी त्याला धंद्याचे रूप दिले. शुक्रवार-शनिवारी पब भरतात, मधल्या वारांना ओस पडतात. त्या ओस रात्री गिऱ्हाईक यावे म्हणून त्यांनी पबांचे संघ जमवले आणि आज तुमच्याकडे, पुढच्या आठवड्यात आमच्याकडे अशा फेऱ्या लावल्या. क्रिकेटच्या लीगसारखेच, फक्त बॅटऐवजी पेन्सिल. प्रश्नांचे संच तयार करून पुरवणे हाही त्यांच्या व्यवसायाचा भाग होता. थोड्याच वर्षांत हजारो संघ दर आठवड्याला खेळू लागले. गवंडी, टपालवाला आणि शाळामास्तर एका टेबलाशी बसून राजांची नावे आणि फुटबॉलचे निकाल आठवू लागले.

‘क्विझ’ हा शब्द कुठून आला, हा त्या पबमधला आवडता प्रश्न. त्याचे ठराविक उत्तर असे : १७९१ मध्ये डब्लिनच्या डेली नावाच्या नाटकगृहचालकाने पैज मारली की एका दिवसात मी एक निरर्थक शब्द गावाच्या तोंडी बसवीन. त्याने पोरांना खडू देऊन रात्रीत भिंतींवर हा शब्द लिहवला, आणि सकाळी सारे गाव ‘याचा अर्थ काय?’ म्हणून विचारत सुटले. गोष्ट झकास आहे, पण खोटी आहे. हा शब्द त्याच्या आधी दहा वर्षे तरी इंग्रजी लिखाणात सापडतो आणि तेव्हा त्याचा अर्थ ‘विक्षिप्त माणूस’ असा होता. प्रश्न विचारणे हा अर्थ फार पुढचा. म्हणजे खेळाच्या नावाबद्दलचे प्रचलित उत्तरच चुकीचे निघाले. पुढच्या प्रवासाची ही चांगली नांदी म्हणायला हवी.

अशा सुट्या माहितीला इंग्रजीत ‘ट्रिव्हिया’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘त्रिव्हियम’ म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, कोकण-गोव्याकडचा आपला ‘तिठा’. तिठ्यावर जे कोणाच्याही कानावर पडते ते ‘ट्रिव्हियल’, म्हणजे सामान्य, किरकोळ. आता तिठ्यावरच्या माहितीला मालक असतो का? हा प्रश्न खरोखरच एकदा न्यायालयात गेला होता, आणि ती हकिकत प्रश्न काढणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे.

अमेरिकेत फ्रेड वर्थ नावाच्या गृहस्थांनी १९७४ मध्ये अशा माहितीचा एक कोशच काढला होता. आपल्या कोशातली माहिती कोणी उचलली तर चोर सापडावा म्हणून त्यांनी त्यात एक खोटी नोंद पेरून ठेवली. ‘कोलंबो’ ही दूरदर्शन मालिका तेव्हा गाजत होती. चुरगळलेला कोट घालणाऱ्या त्या पोलीस अधिकाऱ्याला सगळे नुसते कोलंबो म्हणत, त्याचे पाळण्यातले नाव कोणी घेत नसे. वर्थ यांनी लिहून टाकले, ‘फिलिप’. पुढे १९७९ मध्ये कॅनडात दोन मित्रांना ‘ट्रिव्हियल पर्सूट’ या पटावरच्या खेळाची कल्पना सुचली आणि काही वर्षांत त्याने जग जिंकले. त्याच्या कार्डांवर एक प्रश्न होता : कोलंबोचे पहिले नाव काय? उत्तर : फिलिप. वर्थ यांनी तीस कोटी डॉलरचा दावा ठोकला. खेळ काढणाऱ्यांनी मान्य केले की होय, आम्ही इतर पुस्तकांबरोबर यांचा कोशही वापरला. पण माहिती ही कोणाची मालमत्ता नसते, असे त्यांचे म्हणणे होते. १९८७ मध्ये अपील न्यायालयानेही ते मानले आणि वर्थ हरले.

आम्हाला या खटल्यात रस आहे तो निकालासाठी कमी आणि त्या ‘फिलिप’साठी जास्त. जो माणूस खोटे आहे हे जाणून लिहितो त्याचे वाक्य दुसरा खरे म्हणून कार्डावर छापतो, तिसरा ते पाठ करून गुण मिळवतो, आणि ज्याला खरे माहीत आहे तो हरतो. आपल्या ‘पहिल्या’ प्रश्नांत असे फिलिप किती असतील?

आपल्या देशात हा खेळ रुजला तो कलकत्त्यात. १९६७ मध्ये नील ओब्रायन यांनी तिथल्या एका चर्चच्या सभागृहात पहिली रीतसर खुली स्पर्धा घेतली असे मानतात. (पुन्हा ‘पहिली’. इलाज नाही.) घराघरांत तो पोचवला रेडिओने. ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ १९७२ मध्ये सुरू झाली, आधी हमीद सयानी आणि त्यांच्या निधनानंतर त्यांचे धाकटे बंधू अमीन सयानी तिचे सूत्रधार. तिकडे या खेळाने बिअरचा खप वाढवला, इकडे दुधात घालायच्या पावडरीचा. ज्याचे त्याचे संस्कार. मग १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचे ‘क्विझ टाइम’ आले आणि २००० च्या जुलैत ‘कौन बनेगा करोडपती’. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला. त्याच्या शेवटच्या प्रश्नाचा मथितार्थ असा होता की संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना यांपैकी कोणाला देते, आणि उत्तर होते देशाचे महान्यायवादी. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या, शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे एक कोटी जिंकून आल्या, तेव्हा आपल्या घरांतूनही टाळ्या वाजल्या. नवाथेंचा तो प्रश्न आम्हाला नमुनेदार वाटतो. त्यात वाद घालायला जागा नाही. घटना उघडली, कलम वाचले, संपले.

‘पहिला’ प्रश्नाला असे कलम नसते. पहिले छापील मराठी पुस्तकच घ्या.

१५५६ मध्ये एक छापखाना जहाजावर चढवून पोर्तुगालहून निघाला. तो जायचा होता ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. वाटेत गोव्याला उतरला तो तिथेच राहिला, आणि भारतात छपाई सुरू झाली ती अशी. पुढे १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात आला. ‘फादर स्टीफन्स’ म्हणून मराठीच्या विद्यार्थ्यांना तो ठाऊक आहे. त्याने ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये साष्टीतल्या रायतूर येथे छापला गेला. देवनागरीचे खिळे तेव्हा नव्हते, म्हणून छापला रोमन लिपीत. भाषा मराठी, लिपी परकी, विषय ख्रिस्ताचा, छंद ज्ञानोबा-एकनाथांचा. त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे. हे पहिले छापील मराठी पुस्तक म्हणायचे की नाही?

‘नाही, मराठी म्हणजे बाळबोध लिपीत हवे,’ असे म्हणणारे १८०५ सालाकडे बोट दाखवतात. त्या वर्षी विल्यम कॅरी याचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापले गेले. हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातले नव्हे, ते बंगालमधले, हुगळीच्या काठावरचे, तेव्हा डेन्मार्कच्या राज्यातले. कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत असे आणि त्याच्या हाताशी वैजनाथ शर्मा नावाचे पंडित होते. व्याकरणात मराठी शब्द देवनागरीत आहेत, पण पुस्तक लिहिले आहे इंग्रजीत. म्हणजे मराठीविषयीचे पुस्तक झाले, मराठी पुस्तक झाले का? तसे नको असेल तर तंजावरला चला. व्यंकोजीराजांच्या वंशातले सरफोजी महाराज यांनी आपल्या राज्यात देवनागरी छापखाना घातला आणि १८०६ मध्ये तिथून ‘बालबोधमुक्तावली’ निघाली. ती इसापच्या गोष्टींचे मराठी रूपांतर. भाषा मराठी, लिपी देवनागरी, वाचणारी पोरेही मराठी. आमचे मत विचाराल तर ‘देवनागरीत छापलेले मराठी भाषेतले पुस्तक’ एवढ्या शब्दांत प्रश्न घातला तर तंजावरचा दावा भक्कम आहे, आणि ‘मराठी भाषेतला छापील ग्रंथ’ एवढाच घातला तर फादर स्टीफन्सला डावलता येत नाही. मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्येच तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून गीता छापली गेली होती, पण ती संस्कृत, म्हणून या शर्यतीत नाही.

रायतूर, श्रीरामपूर, तंजावर. यातले एकही गाव आजच्या महाराष्ट्रात नाही. आम्ही ही यादी मुद्दाम दोनदा वाचली. शंभर-दीडशे वर्षे बाहेर राहिलेल्या आपल्या घरांना सुट्टीत पुण्या-मुंबईला गेल्यावर ‘तुमचं मराठी जरा वेगळंच हं’ हे ऐकायची सवय असते. मराठी म्हणजे तिकडचे आणि आपण तिचे भाडेकरू, असे आपणही हळूहळू मानू लागतो. छापील मराठीचा जन्म मात्र तिच्या भाडेकरूंच्या घरी झाला.

नाटकाचेही तसेच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ केले. ५ नोव्हेंबर हा आपण रंगभूमी दिन मानतो तो त्याच प्रयोगामुळे. पण त्याच्या दीडशे वर्षे आधी तंजावरला शहाजीराजे, म्हणजे व्यंकोजींचे चिरंजीव, मराठीत नाटके लिहीत होते. १६८४ ते १७१२ ही त्यांची कारकीर्द. ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे त्यांच्या नाटकांपैकी एक, आणि ही हस्तलिखिते तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. मग भावे पहिले कसे? पहिले आहेतच, पण वेगळ्या अर्थाने : सांगलीच्या त्या प्रयोगापासून आजच्या नाट्यगृहातल्या तिकीटखिडकीपर्यंत एक सलग वाट आहे. तंजावरची नाटके दरबारात सुरू झाली आणि दरबाराबरोबर थांबली. महाराष्ट्रातल्या नाटकवाल्यांना त्यांचा पत्ताच नव्हता. म्हणून कार्डावर ‘पहिले मराठी नाटक’ असे न लिहिता ‘आधुनिक मराठी रंगभूमीची सुरुवात मानले जाणारे’ असे लिहिले की भाव्यांचाही मान राहतो आणि शहाजीराजांवरही अन्याय होत नाही. शब्द चार वाढतात, वाढू द्यावेत.

चित्रपटाचा प्रश्न त्यामानाने सोपा. त्यातले सगळे उमेदवार मराठीच आहेत, त्यामुळे भांडण घरातले. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईत एका कुस्तीचे चित्रीकरण केले. दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच कॉरोनेशनमध्ये ३ मे १९१३ रोजी. तोरण्यांचे चित्र म्हणजे रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रण, कॅमेऱ्यामागे इंग्रज, आणि फिल्म धुवायला लंडनला पाठवलेली. फाळक्यांनी कथा, पात्रे, चित्रण, धुलाई सगळे इथे केले. म्हणून ‘पूर्ण लांबीचा भारतीय कथापट’ असे म्हटले की फाळके, ‘कॅमेरा हाती धरणारा पहिला भारतीय’ म्हटले की सावेदादा. फाळक्यांच्या बाबतीत आम्हा बडोदेकरांना एक हक्काची ओळ घालायची आहे. मुंबईच्या जे. जे. नंतर १८९० मध्ये ते बडोद्याच्या कलाभवनात शिकायला आले. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी त्रिभुवनदास गज्जर यांच्याकरवी ती संस्था उभी केली होती. चित्रकला आणि छायाचित्रण यांवर त्यांचा हात बसला तो इथे. पुढे गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसायही करून पाहिला. कलाभवनाची ती इमारत आज विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेची आहे आणि आपल्यापैकी किती तरी घरांतली मुले तिथून इंजिनियर होऊन बाहेर पडली आहेत.

महाराजांचे नाव आले म्हणून एक कडू घोटही घ्यायला हवा. दरवर्षी कुणीतरी मोठ्या उत्साहाने सुचवते : ‘जगातले पहिले विमान कोणी उडवले?’ हा प्रश्न घाला, आणि उत्तर लिहा शिवकर बापूजी तळपदे. १८९५ मध्ये, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, तळपद्यांनी गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे यंत्र दीड हजार फूट उंच उडवले, आणि ते पाहायला न्यायमूर्ती रानडे व खुद्द सयाजीराव गायकवाड हजर होते, अशी ती कथा. मराठी माणूस, मुंबईची चौपाटी, वर आपले महाराज; बडोद्याच्या मंडळाला याहून गोड काय? पण या उड्डाणाचा त्या काळातला विश्वसनीय पुरावा पुढे आलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाशी ही कथा जोडली जाते, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. तो ग्रंथ १९०४ च्या आधीचा नसावा आणि त्यातली विमाने उडणे शक्य नाही, असा त्यांचा निष्कर्ष. तळपदे नावाचे हुन्नरी गृहस्थ मुंबईत होते आणि त्यांना विमानाचा ध्यास होता, एवढे खरे. बाकीचा ‘फिलिप’. २०१५ मध्ये यावर हिंदी चित्रपटही निघाला, त्यामुळे हा फिलिप आता चांगलाच धष्टपुष्ट आहे.

आमच्या मते हा प्रश्न न घालण्यात महाराजांचा मानच आहे. सयाजीरावांच्या खात्यावर खरी जमा इतकी आहे की उसनवारीची गरज नाही. १८९३ मध्ये त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लावला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१० च्या सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तीच मागणी मांडली तेव्हा त्यांनी बडोद्याचा दाखला दिला, आणि सरकारने १९१२ मध्ये त्यांचे विधेयक नाकारले. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणून गावोगावी वाचनालयांचे जाळे विणायला घेतले. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला शिकायला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. यातल्या प्रत्येक गोष्टीला कागद आहे. एवढ्या सगळ्यावरून चौपाटीवर दीड हजार फूट उडायचे कशाला?

उरला गणपतीचा प्रश्न. तो घालावा की नाही यावर आमच्यात दोन बैठका झाल्या.

शाळेच्या पुस्तकातले उत्तर सर्वांना पाठ आहे : लोकमान्य टिळक, १८९३. पुण्यात बुधवार पेठेत जाऊन हेच उत्तर द्याल तर तुम्हाला भाऊसाहेब रंगारी यांच्या गणपतीपुढे नेऊन उभे करतील. राक्षसाचा वध करणारी ती उग्र मूर्ती आजही तीच आहे, दरवर्षी नवी करत नाहीत. रंगारी यांचे मूळ नाव भाऊसाहेब लक्ष्मण जावळे. घराण्याचा धंदा शालू रंगवण्याचा, म्हणून रंगारी. स्वतः ते वैद्य. त्यांच्या गणपतीच्या विश्वस्तांचे म्हणणे, आमचा सार्वजनिक गणपती १८९२ चा. २०१७ मध्ये पुणे महापालिकेने टिळकांचे नाव पुढे ठेवून सव्वाशे वर्षांचा सोहळा आखला तेव्हा हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला.

टिळकांच्या बाजूने काय आहे? २६ सप्टेंबर १८९३ च्या ‘केसरी’त त्यांनी पुण्यातल्या या नव्या प्रकाराचे कौतुक केले. कौतुक केले याचाच अर्थ असा की तो आधी दुसऱ्या कोणी सुरू केलेला होता. त्यांनी स्वतः विंचूरकर वाड्यात गणपती बसवला तो १८९४ मध्ये. पण मेळे, व्याख्याने आणि मिरवणुका यांच्या जोरावर हा उत्सव गावोगावी नेला तो टिळकांनी आणि त्यांच्या ‘केसरी’ने, याबद्दल रंगारींच्या बाजूचे लोकही फारसे भांडत नाहीत. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दंगे झाले होते, लोकांना एकत्र यायला निमित्त हवे होते, आणि टिळकांनी ते अचूक हेरले. गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीचा गणपतीही १८९३ चाच. त्याही आधीचे शोधायचे तर पेशव्यांच्या शनिवारवाड्यात गणेशोत्सव थाटाने होतच होता, फक्त यजमान पेशवे होते, लोक नव्हते.

मग पुण्यातल्या त्या मंडळींना हे सुचले कुठून? या कथेतला जो धागा कार्डावर कधीच येत नाही तो इथे आहे. कृष्णाजीपंत खासगीवाले नावाचे पुण्याचे गृहस्थ १८९२ मध्ये ग्वाल्हेरला गेले होते. तिथे शिंदे सरकारच्या राज्यात गणेशोत्सव चार भिंतींबाहेर, लोकांमध्ये, मोठ्या थाटात साजरा होताना त्यांनी पाहिला. परत आल्यावर त्यांनी ते भाऊ रंगारी, बाळासाहेब नातू यांच्या कानावर घातले, आणि खासगीवाले, घोटवडेकर व रंगारी असे तीन गणपती बसले. साल ब्याण्णव की त्र्याण्णव, मान टिळकांचा की रंगारींचा, यावर पुण्यात कितीही वाद झाला तरी खासगीवाल्यांचा ग्वाल्हेरचा प्रवास दोन्ही बाजूंच्या हकिकतीत येतो. महादजी शिंद्यांबरोबर उत्तरेत गेलेली मराठी घरे आपल्या देवांची पेटी घेऊन गेली, शंभर वर्षे त्यांनी आपला उत्सव परमुलखात राखला, वाढवला, आणि तो पाहून एक पुणेकर परत गेला.

म्हणून आम्ही प्रश्न घालायचे ठरवले, पण ‘पहिला’ हा शब्द काढून टाकला. यंदा तो असा आहे : ‘कोणत्या शहरातील गणेशोत्सव पाहून कृष्णाजीपंत खासगीवाले यांनी पुण्यात तसा उत्सव करण्याची कल्पना मांडली, असे सांगतात?’ दुसऱ्या फेरीत, अकराव्या क्रमांकावर. स्पर्धेआधी स्मरणिका चाळणाऱ्या संघाला तेवढा एक गुण फुकट.